हसऱ्या बाईंचा रविवार

“काकू, अभिनंदन हं!” असं एक मुलगी म्हणाली तेव्हा ती वाचनालयाच्या काउंटरवर बसून परत आलेल्या एका पुस्तकाची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवत होती. शनिवारची दुपार होती आणि काउंटरसमोर रांग होती. मुलगी ओळखीची, लेकीच्या वर्गातली, लहानपणापासून घरी येणारी. “कशाबद्दल गं?” हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता, पण त्याआधीच मुलगी म्हणाली, “ती जाणार ना आत्याकडे शिकायला! कसली मजा आहे तिची. आमचे आईबाबा मला गल्लीबाहेर सोडायला तयार नसतात, आणि तुम्ही बघा, लगेच हो म्हणालात.” “हो ना,” ती म्हणाली. “जायचंच असतं एक दिवस. अडवून कसं चालेल?” आणि ती हसली. पुस्तक यंत्राच्या लाल रेषेखाली धरलं, टिट् आवाज झाला, “वेळेवर परत कर हं,” असं म्हणून तिने ते मुलीच्या हातात दिलं. मुलगी गेली, मागचा माणूस पुढे सरकला. तिने त्याच्याकडेही हसून पाहिलं. आणि त्याचं पुस्तक हातात घेताना तिला कळलं की आपल्याला आत्ता काहीतरी लागलं आहे. स्वयंपाकघरात घाईत बोट कापतं, आधी रक्त दिसतं आणि दुखणं मागून येतं, तसं. लेक जाणार होती. आत्याकडे. शिकायला. कुणीतरी कुणालातरी विचारलं होतं, कुणीतरी लगेच हो म्हणालं होतं, आणि त्या ‘तुम्ही’मध्ये तिलाही धरलेलं होतं.

रांग संपत नव्हती. शनिवार-रविवारी वाचनालयात माणसं नुसती पुस्तकं घेऊन येत नाहीत, आठवडाभर साठलेला वेळ घेऊन येतात आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नाही. कुणी वर्तमानपत्रांच्या खोलीत तोंडावर पान पांघरून झोपतो. कुणी मुलांना बालविभागात सोडून बाहेर फोनवर भांडत बसतं. एक निवृत्त मास्तर दर शनिवारी येऊन एकच तक्रार करायचे, की मोठ्या अक्षरांची पुस्तकं नेमकी सगळ्यांत खालच्या फळीवर का ठेवता, म्हाताऱ्यांना वाकता येतं का? दर शनिवारी ती हसून म्हणायची, “सांगते हं वरती.” आजही ते आले. आजही ती तसंच म्हणाली. मास्तर खूश झाले, म्हणाले, “काम होत नाही ते होतच नाही, पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. तुम्हाला बाई कसली काळजीच दिसत नाही.” ती म्हणाली, “काळजी करून वजन कमी झालं असतं तर केली असती.” ते मोठ्याने हसले आणि वाचनकक्षातल्या चार-दोन माना वर झाल्या. हा विनोद तिने किती जणांना ऐकवला असेल कोण जाणे. तो तिच्या तोंडातून तिला न विचारताच बाहेर पडायचा.

तिला सगळे हसऱ्या बाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण दाराशी कुणी विचारलं, “नाव कुठे नोंदवायचं?” तर दारावरचा माणूस सांगायचा, “आत जा, त्या हसऱ्या बाई बसल्यात ना, त्यांच्याकडे.” एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांना वाचकांशी कसं वागावं हे शिकवायला कुठूनशी एक बाई आली होती. तिने सगळ्यांना दातांत पेन्सिल आडवी धरायला लावली, म्हणजे गालांना वळण लागतं म्हणे. फोनवरसुद्धा हसू ऐकू जातं, असं ती म्हणाली. पुस्तकबांधणी विभागातले दोन वयस्क गृहस्थ पेन्सिली धरून असे बसले होते की जणू दाताच्या डॉक्टरने त्यांना विसरून जेवायला निघून जावं. मग त्या बाईने हिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, “यांना पेन्सिल नको. तुम्ही यांच्याकडे बघा.” आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं होतं.

शनिवार-रविवार तिने आपण होऊन घेतले होते. लेक तेव्हा तिसरीत होती. नवऱ्याला शनिवार-रविवार सुट्टी, हिने सोमवार-मंगळवार घ्यावी, म्हणजे आठवड्यातले चार दिवस तरी पोर आपल्या माणसाच्या नजरेखाली राहील, शेजाऱ्यांच्या दारात बसणार नाही, असा साधा सरळ हिशेब होता. एक वर्ष करू, मग बघू, असं ठरलं. त्या वर्षाच्या शेवटी मुख्य ग्रंथपालांनी तिला आत बोलावून सांगितलं, “शनिवार-रविवारचं काउंटर तुमच्यासारखं कुणाला जमत नाही हो. गेल्या वर्षात एक भांडण नाही.” ती हसली. हसणं म्हणजे होकार असं त्यांनी धरलं, आणि तिने त्यांना तसं धरू दिलं. मग वर्षं एकमेकांना धरून चालत गेली. सोमवारच्या दुपारी मात्र सुरुवातीला तिच्या होत्या. लेक शाळेतून यायची, दप्तर दारातच टाकायची आणि पलंगावर तिच्या पोटावर डोकं ठेवून शाळेतल्या उखाळ्यापाखाळ्या सांगत पडायची. हळूहळू शाळेनंतर शिकवणी आली, शिकवणीनंतर मैत्रिणी आल्या, आणि सोमवारची दुपार रिकामी झाली. रविवार मात्र भरत गेला. बापलेक सकाळी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीवर जायचे. कुठल्याशा रविवारी सहज गेले होते, तिथे लेकीला दगडांची गोडी लागली. काळे, करडे, पोटात पांढरी शीर असलेले, फोडल्यावर आत साखरेसारखे चमकणारे दगड. घरी आल्यावर दोघं जेवायचे, मग लेकीच्या खोलीत दगड मांडून त्यांच्यावर वाद घालायचे आणि वाद घालता घालता तिथेच झोपून जायचे. हे सगळं तिला ऐकून माहीत होतं. तिच्या वाट्याला सोमवारी खिडकीत दगड यायचे. ती फडक्याने ते पुसायची, एकेक उचलून, खालची धूळ काढून पुन्हा होते तसेच ठेवायची. रविवारी काय झालं ते सोमवारी पुसायचं. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल, पण ते वाटून घ्यायला वेळ झाला नसेल.

रांग थोडी ओसरली तशी तिने शेजारच्या सहकारिणीला “आलेच हं” म्हटलं आणि ती मागच्या साठवणीच्या खोलीत गेली. तिथे जुने अंक दोरीने बांधून ठेवलेले होते, खोलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, आणि कुणी येत नसे. ती लोखंडी कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. आता इथे कुणी नाही, तिने स्वतःला सांगितलं, आता चेहरा सोड. आणि तिला तो सोडता येईना. गाल वर चढून बसले होते, डोळ्यांच्या कडा चिमटल्या होत्या. तिने दोन्ही हातांनी तोंड खाली ओढलं, भिंतीवरचा कागद ओढावा तसं. हात काढल्यावर गाल आपोआप पुन्हा वर गेले. तिला भीती वाटली. मग हसू आलं, आणि ते आधीच्या हसण्यात मिसळून गेलं, वेगळं दिसलंसुद्धा नसेल.

तिला तिची आई आठवली. आईचा चेहरा हा त्यांच्या घरातला हवामानाचा अंदाज होता. शाळेतून येताना जिन्यातच ती थांबायची आणि आतल्या भांड्यांचा आवाज ऐकायची. भांडी आदळत असली तर दप्तर गुपचूप कोपऱ्यात ठेवायचं, पाणीसुद्धा मागायचं नाही. भांडी शांत असली तर दारातून आईच्या ओठांकडे बघायचं. आई वाईट नव्हती. तिला कुणी काही दिलं नव्हतं आणि ते तिने चेहऱ्यावर लिहून ठेवलं होतं, इतकंच. आणि ज्यांनी तिला काही दिलं नव्हतं त्यांच्यापैकी कुणी ते वाचत नसे, वाचायची ती ही मुलगी. आईचा चेहरा वाचता वाचताच ती अक्षरओळख शिकली असावी. पुढे लेक झाली तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर त्या लाल मुठीएवढ्या तोंडाकडे बघत तिने मनाशी पक्कं केलं होतं, हिला माझा चेहरा वाचत दारात उभं राहावं लागणार नाही. ही केव्हाही आली तरी एकच चेहरा दिसेल. आणि तो तिने दाखवला. ताप असताना, नवऱ्याशी अबोला असताना, स्वतःची आई गेली त्या आठवड्यातसुद्धा. काउंटरने तिला हसायला शिकवलं असं लोकांना वाटायचं, पण ती काउंटरवर आली ती हसू घेऊनच. काउंटरने फक्त ते पक्कं केलं, गोणपाटाला दोरी आवळावी तसं.

घरी पोचली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात भाजी चिरत होता आणि लेक ओट्याला टेकून त्याला काहीतरी वाचून दाखवत होती. तिला बघून लेक थांबली. चपला काढता काढता तिने म्हटलं, “तुझी मैत्रीण आली होती आज. माझं अभिनंदन करून गेली.” ती हे हसूनच म्हणाली. दुसरं कसं म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. नवऱ्याने सुरी खाली ठेवली.

“तुला सांगणारच होतो,” तो म्हणाला. “उद्या-परवा सांगणार होतो.”

“कधी ठरलं?”

“मागच्या रविवारी. ताईचा फोन आला, ती म्हणाली तिच्या घराजवळच ते कॉलेज आहे, भूगर्भशास्त्र आहे, चांगले लोक आहेत. बोलता बोलताच ठरलं गं. तू नव्हतीस.”

“रविवारी मी नसतेच,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय ना मी.”

“मग सोमवारी मी होते की घरी. सगळा दिवस होते. मंगळवारी होते.”

नवऱ्याने चिरलेल्या फोडी हाताने एकत्र केल्या. तो चांगला माणूस होता. त्याने कधी तिला उलटून उत्तर दिलं नव्हतं, तिच्या पगाराला हात लावला नव्हता. पोरीला एकट्याने वाढवावं तसं शनिवार-रविवार वाढवलं होतं. त्याच्याविरुद्ध बोलायला तिच्याकडे एक शब्द नव्हता, आणि शब्द नसल्यामुळे छातीत जे काही होतं ते तिथेच बसून राहिलं. त्याने पुन्हा सुरी उचलली. ती म्हणाली, “छान झालं की मग. आनंदाचीच गोष्ट आहे.” लेक ओट्यापासून बाजूला झाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

जेवल्यावर ती लेकीच्या खोलीत गेली. लेक खाली फरशीवर बसून दगड जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होती. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“मला का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“काय केलं असतं म्हणजे?”

“हसली असतीस,” लेक म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. “अगं छान आहे, जा, म्हणाली असतीस. आत्ता म्हणालीस तसंच. मला माहीत होतं. बाबांना जायचंय म्हटलं तर ते आत्याला फोनवर हो म्हणाले आणि मग रडले, आई. खाणीवर, त्या उतारावर बसून. मग दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. मला इतका राग आला त्यांचा. पण मला कळलं तरी की मी जाणार तर कुणालातरी काहीतरी होणार आहे.”

“मला होणार नाही असं वाटलं तुला?”

“मला कसं कळणार?” लेकीने हातातला दगड खाली ठेवला. “तुझ्याकडे बघून काही कळतच नाही. लहानपणापासून नाही. मी परीक्षेत नापास झाले तेव्हा तू हसलीस. मी जिन्यावरून पडले तेव्हा, पायाचं हाड दिसत होतं माझं, तेव्हा तू हसत म्हणत होतीस काही नाही गं, काही नाही. मी घाबरले होते, आई. मला वाटलं, हिला दिसतच नाहीये. माझ्याशी तू काउंटरवरच्यासारखं बोलतेस.”

तिला त्या पायाचं हाड आठवत होतं, पांढरं, ओलं. रिक्षा मिळेपर्यंत तिने आपला खालचा ओठ आतून चावून फोडला होता. लेकीला दिसू नये म्हणून रक्त गिळलं होतं. हे आता सांगता आलं असतं. पण असं काही सांगायचं तर ते कुठून सुरू करायचं, कुठल्या आवाजात, हे तिला समजेना. एवढ्या वर्षांत तिने लेकीसाठी जे केलं होतं ते हेच होतं, आणि लेक आता ते तिच्यापुढे ठेवून सांगत होती की हे मला नको होतं, हे मला कधीच नको होतं. जिन्यात उभी राहून भांड्यांचा आवाज ऐकणाऱ्या त्या मुलीला तिने आपल्या घरातून हाकललं होतं. तिच्या जागी दुसरी मुलगी येऊन उभी राहिली होती, आणि तिला तर ऐकायला काहीच नव्हतं.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

ते फार हळू आलं. लेकीने ऐकलं आणि ती हलली नाही. मग तिचा चेहरा लहान मुलांचा होतो तसा एकदम चुरगळला.

“आता म्हणतेस?”

“आत्ता कळलं मला.”

“आता नको म्हणूस,” लेक म्हणाली. ती रडत होती आणि रडताना तिला रागही आला होता. “आता सगळं झालंय. आत्याने खोली रिकामी केली. आता तू म्हणालीस तरी मी थांबणार नाहीये, आई. नुसतं माझं जाणं अवघड होईल. तुला तसं करायचंय का?”

यावर काय म्हणायचं असतं? दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, होऊ दे अवघड. दुसरी कुणी फरशीवर उतरून पोरीला मिठी मारून बसली असती, आणि दोघी रडल्या असत्या, आणि जाणं जाणं झालं असतं, थांबणं थांबणं. तिला ते सगळं दिसत होतं, हाताच्या अंतरावर. पण लेकीला अवघड होईल हे शब्द तिच्या कानात गेले आणि गाल आपले आपण वर चढले. “बरं बाई, जा,” ती म्हणाली. “मी आपलं असंच म्हटलं.” लेकीने डोळे पुसले आणि तिच्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने पुढचा दगड उचलला आणि त्याच्याभोवती कागद गुंडाळायला लागली.

लेक गेली तीही रविवारीच. तिने रजा मागितली होती, पण त्या दिवशी बालविभागात मुलांचा कार्यक्रम होता, दोन माणसं आधीच कमी होती, आणि मुख्य ग्रंथपाल म्हणाले, “बाई, तेवढा रविवार सांभाळा, तुम्ही नसलात तर तिथे दंगा होतो.” ती म्हणाली, “हरकत नाही.” दारातच निरोप झाला. लेकीने वाकून नमस्कार केला, तिने तिच्या केसांवरून हात फिरवला, सगळं नीट घेतलंस ना, फोन कर पोचल्यावर, आत्याला त्रास देऊ नकोस. जिना उतरताना बापलेकीचे आवाज खालून येत होते; पेटी कोणत्या बाजूने धरायची यावरून दोघं हुज्जत घालत होते. त्या दुपारी ती कागदी टोपी घालून बालविभागात मुलांना गोष्ट वाचून दाखवत होती. गोष्टीत अस्वल होतं. अस्वलाच्या आवाजात बोलायचं तेव्हा ती इतकी सुंदर बोलली की मुलं खिदळत एकमेकांच्या अंगावर पडली, आणि मागे उभ्या असलेल्या आयांपैकी एक दुसरीला म्हणाली, “किती उत्साह असतो ना काही लोकांना.”

त्यानंतर काही आठवडे तसेच गेले. लेकीचे फोन येत, बहुतेक रविवारी येत, आणि घरी आल्यावर नवरा तिला सांगायचा की कॉलेज चांगलं आहे, आत्या बडबड करते, जेवण ठीक आहे. सोमवारी पुसायला खिडकीत काही नव्हतं. लाकडावर दगडांच्या आकाराचे फिके डाग मात्र राहिले होते. एका बुधवारी, कामावर गेल्या गेल्या, तिने मुख्य ग्रंथपालांच्या खोलीचं दार वाजवलं.

“मला रविवार हवा आहे,” ती म्हणाली.

“कुठला रविवार?”

“सगळे.”

ते चष्मा काढून मागे टेकले. तेही काही वाईट गृहस्थ नव्हते. “बाई, आता कशाला?” ते म्हणाले. “मुलगी लहान होती तेव्हा मागितला असता तर एक वेळ मी समजू शकलो असतो. आता तर तुम्ही मोकळ्या झालात. घरी कोण वाट बघतंय? उलट आता तुम्ही निवांत करा शनिवार-रविवार.”

“मुलगी लहान होती तेव्हा तुम्ही दिला नाहीत.”

“तेव्हा तुम्ही मागितलात कुठे?”

हे खरं होतं. तिने आठवून पाहिलं. तिने कधीच मागितला नव्हता. ती त्यांच्यासमोर येऊन फक्त हसली होती, दर वर्षी. तिला वाटलं होतं की त्या हसण्यामागचं त्यांना दिसेल. की कुणीतरी कधीतरी म्हणेल, बाई, पुरे आता, घरी जा. तिने स्वतः मात्र आपल्या बाजूने सगळी दारं इतकी नीट लावून घेतली होती की आत कुणी आहे असं कुणाला वाटलंही नसतं.

“आता मागते,” ती म्हणाली. आपण हसत नाही आहोत हे तिला तेव्हाच समजलं, कारण समोरचे गृहस्थ गडबडले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. “तब्येत बरी आहे ना तुमची?” त्यांनी विचारलं. मग बरीच कुरकुर करून त्यांनी रविवार सोडला. शनिवार मात्र नाही. ती “ठीक आहे” म्हणून बाहेर आली. काउंटरवर निवृत्त मास्तर उभे होते, या वेळी बुधवारी. तिने त्यांचं पुस्तक घेतलं आणि काही न बोलता परत दिलं. मास्तरांनी दोनदा वळून पाहिलं. दाराशी जाऊन दारावरच्या माणसाला म्हणाले, “आज बाईंचं काही बिनसलंय का? नोकरी करायची तर जरा तोंड हसरं ठेवावं माणसाने.” तिला ते ऐकू आलं. वाचनालयात हळू बोललेलं जास्त लांब जातं.

पहिल्या रविवारी ती सवयीने लवकर उठली. नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात पाहिलं आणि तो दारातच थबकला, मग त्याच्या लक्षात आलं. “अरे हो,” तो म्हणाला. “तू आहेस.” दोघांनी चहा घेतला. रविवारी इतक्या सकाळी गल्ली कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या बडवत होतं, खाली एक माणूस सायकल धूत होता. तिने विचारलं, “खाणीवर जायचं का? मी येते.” नवरा म्हणाला, “ऊन फार आहे गं तिथे. तुला काय, नुसते दगड.” आणि मग, आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून, “जाऊ पुढच्या वेळी.” त्याने वर्तमानपत्र उघडलं. तिने कपाट आवरायला काढलं. दुपारी दोघं जेवले, समोरासमोर बसून. तिने लेकीच्या कॉलेजबद्दल काही विचारलं, त्याने सांगितलं. ते त्याने आधीही सांगितलं होतं. जेवल्यावर तो हात पुसत उठला आणि लेकीच्या खोलीत गेला.

तिने भांडी घासली. ओटा पुसला. मग काही करायला राहिलं नाही म्हणून ती त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार अर्धवट लोटलेलं होतं. तो लेकीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन झोपला होता. एका कडेला, दुसऱ्या कुणाची जागा सोडून. पंखा जोरात फिरत होता आणि टेबलावरचे सुटे कागद उडायला बघत होते. असं दर रविवारी होत असणार. ती इतकी वर्षं मास्तरांना हसून उत्तर देत होती त्या वेळी या खोलीत हा असा झोपलेला असणार, आणि शेजारी पोर, आणि फरशीवर दगड. ती आत गेली. रिकाम्या जागेवर बसावं, जरा आडवं व्हावं, असं तिला वाटलं. तिच्या पावलांचा आवाज झाला असावा, कारण नवरा झोपेतच थोडा हलला.

“खारू,” तो डोळे न उघडता म्हणाला. लेकीला तो तसं म्हणायचा. तिला खारीसारखे मोठे दात होते म्हणून. हिच्यासमोर तो ते नाव फारसं घ्यायचा नाही. “खारू, पंखा कमी कर गं जरा. थंडी वाजतेय.”

त्या आवाजात जे होतं ते तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती बटणापाशी गेली आणि पंखा कमी केला. पाती मंदावत गेली, कागद खाली बसले.

“हं,” तो म्हणाला, समाधानाने, आणि पुन्हा झोपेत उतरला.

ती तशीच उभी राहिली, हात अजून बटणावर. आता काही बोललं तर तो जागा होईल, मान वळवील, आणि त्याला दिसेल की कोण आहे. तिने बटणावरचा हात अलगद काढला, फरशीवर एकेक पाऊल टेकत बाहेर आली आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.